घरून जोडणी

"आई, तू कॉम्प्युटरला हात लावू नकोस. रविवारी मी येऊन जोडून देतो," मुलगा फोनवर म्हणाला.

"तुला पाढे कोणी शिकवले रे?" म्हणत तिने फोन ठेवला आणि घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. सगळ्यांचा सामायिक ड्राइव्ह झटक्यात उघडला. तिची मान ताठ झाली.

महिनाभर न जुळणारं, तिने एकटीनेच सोडवायचं ठरवलेलं गणित तिने उघडलं. 'फाइल दुसरीकडे वापरात आहे,' असं दिसलं. वापरणारी म्हणून तिचंच नाव होतं.

गणित जुळलं होतं. अगदी तिच्या पद्धतीने, एकही पायरी न गाळता. इतकं देखणं काम! तिचा ऊर भरून आला, आणि मग अंगावर काटा आला.

तिने प्रयोगशाळेत फोन लावला. शिपायाने उचलला. तिला स्वतःचं नाव सांगवेना. "मॅडमच्या टेबलाशी कोण बसलंय हो?"

"मॅडमच. सकाळपासून मान वर केली नाही त्यांनी. तुम्ही कोण?"

"त्यांच्या घरून बोलतेय."

पलीकडे कीबोर्ड वाजत होता, तो थांबला.

"मॅडम विचारताहेत," शिपाई हळूच म्हणाला, "घराला तर त्या कुलूप लावून आल्यात. मग आत कोण आहे?"