कानातला बिल्ला

लम्पीची साथ पसरल्यापासून कानातल्या बिल्ल्याचा नंबर आरोग्य दाखल्याशी जुळल्याशिवाय एकही जनावर दहिसर नाक्याच्या आत सोडायचं नव्हतं. टेम्पोतल्या पांढऱ्याशुभ्र बैलाचे कान पशुवैद्यक तेजलने चाचपले, तर दोन्ही रिकामे. सोबतच्या कार्यकर्त्याने खिशातून पिवळा बिल्ला काढला. "हा घ्या मॅडम, जुळवा नंबर. साहेबांच्या वाढदिवसाची मिरवणूक आहे ना, फोटोत कान मोकळे दिसायला पाहिजेत." "बिल्ला ह्याच बैलाचा कशावरून?" तिने विचारलं. उत्तरादाखल त्याने फोन लावून पुढे केला. "बैल सोडतेस की बदलीची ऑर्डर काढू?" साहेब गुरकावले. तेजलने बिल्ला दाखल्याशी ताडून पाहिला. "काढा ऑर्डर. नंबर मात्र तंतोतंत जुळतोय." कार्यकर्ता खुलला. तिने बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला. "बैल आल्या वाटेने माघारी जाईल. परवानगी ह्या बिल्ल्याला आहे. ह्यालाच हार घाला, गुलाल उधळा, खुशाल मिरवा."