बरणीतली शेवटची गोटी

"ही तुमच्याकडचीच ना?" सोसायटीच्या सेक्रेटरी क्षमाताईंनी दोन बोटांच्या चिमटीत धरलेली कोल्हापुरी चप्पल श्वेतापुढे केली. "माझ्या तुळशीत पडली. जोडीची दुसरी जांभळावर अडकलीय. ती तुम्ही काढा."

श्वेता नुकती ऑफिसातून येऊन गेटातच उभी होती. चप्पल सासऱ्यांची, फेकणारा मुलगा, आणि बोलणी मात्र नेहमीप्रमाणे तिच्या खात्यावर.

"सॉरी हो, ताई."

"तुमचं सॉरी आता आम्हाला तोंडपाठ झालंय. पोर लहान आहे, मान्य. पण आमची डोकी काही लोखंडाची नाहीत ना."

सात वर्षांचा अनय सकाळी गुणी असायचा. मुकाट दूध प्यायचा, शाळेत जायचा. बाई त्याला मॉनिटर करायच्या विचारात होत्या. बिघडायचा तो शाळा सुटल्यावर. व्हॅनला उशीर झाला म्हणून ड्रायव्हरला चावला. चित्रकलेच्या जादा तासाला थांबवलं, तर बाईंची ओढणी फाडली. घरी आला की स्टुलावर चढून दाराची वरची कडी लावायचा आणि कडीला कुणी हात लावला की घाटकोपरभर ऐकू जाईल असा किंचाळायचा. आजोबांच्या चपला गॅलरीतून खाली. एकदा तर त्यांच्या मनगटावर दातांची अख्खी कमान उमटवली.

आजोबांनी, म्हणजे भाऊंनी, नुसतं मनगट निरखलं. "दात बरे आसत पोराचे," म्हणाले.

भाऊ असेच. तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करून मुलाला, राजेशला, शिकवलं. बायको गेली, केस गेले, जिभेवरचं मालवणी तिखट गेलं नाही. नात्यातल्या लग्नात भाऊ ज्या पंगतीला, तिथे हमखास कुणाला तरी ठसका. आणि थट्टा करताना स्वतः कधी हसायचे नाहीत. खरी मजा त्यातच होती.

हल्ली त्यांची एकच थट्टा चालली होती. श्वेता निघायच्या घाईत असली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे.

"सूनबाय, डबो भरलंस मा? आज माजी दुसरी पाळी आसा."

"भरला हो, भाऊ. भाकरी आणि जवळ्याची चटणी. वाटेत खाऊन टाकू नका."

गिरणीच्या जागेवर मॉल उभा राहून तोही आता जुना व्हायला आला होता. पण श्वेता हौशी. त्यांचं दुपारचं जेवण मुद्दाम त्यांच्या त्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात भरून ठेवायची. सासऱ्यांच्या थट्टेला सुनेची साथ. असं घर शोधून सापडायचं नाही, असं राजेश चारचौघांत सांगायचा.

एकदा जेवताना अनय म्हणाला, "आजोबा खरंच गिरणीत जातात."

राजेशच्या नाकात पाणी गेलं. "मग पगार कुठाय रे?"

"पगार धा तारखेक," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

हसून हसून श्वेताचे डोळे पाणावले. अनयने ताट सारलं आणि उठून गेला. तेही तिने त्याच्याच नावावर मांडलं.

हिशेब नोकरीपर्यंत आला होता. तिला नुकतंच मॅनेजर केलं होतं आणि राजेशने परवाच शब्द टाकला होता, "पोर हाताबाहेर चाललंय. कुणीतरी एकाने घरी बसायला हवं." हे कुणीतरी कोण, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

म्हणून ती मुलुंडला समुपदेशक दीप्ती मॅडमकडे गेली.

"दुपारी घरात कोण असतं?"

"सासरे असतात ना. ते आहेत म्हणून तर माझी नोकरी आहे. या वयातसुद्धा पोराला सांभाळतात."

मॅडमनी समाधानाने मान हलवली. ओरडू नका, म्हणाल्या. चांगलं वागला की डोळ्यांना दिसेल असं काहीतरी द्या.

लोणच्याची रिकामी बरणी धुऊन फ्रीजवर गेली. कडी नाही, किंचाळणं नाही, चावणं नाही, चपला जागच्या जागी, की संध्याकाळी एक गोटी. बरणी भरली की सायकल. दुकानातली लाल सायकल त्याला दाखवूनही आणली.

"कुणी दार उघडलं तरी ओरडायचं नाही?" अनयने विचारलं.

"नाही."

"कुणीपण?"

"मोठी माणसं दार उघडतील नाहीतर लावतील. तू कशाला काळजी करतोस?"

गोट्या पडू लागल्या. एखाद्या दिवशी पडायची, एखाद्या दिवशी नाही. मग भाऊंना ताप आला, ते अंथरुणाला खिळले, तर रोज पडली. आजोबांना बरं नाही हे पोराला कळतं, या विचाराने श्वेताचे डोळे भरून आले. ताप उतरला तेव्हा बरणीत एका गोटीची जागा उरली होती.

"आज फक्त," निघताना तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "आज शहाण्यासारखं वाग. माझ्यासाठी."

त्या संध्याकाळी गेटावर क्षमाताई नव्हत्या. जांभळावर काही नव्हतं. वर आली तर दाराला कडीही नव्हती, नुसतं लोटलेलं. अनय सोफ्यावर हाताची घडी घालून बसला होता.

श्वेताने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. त्याला उचलून घेतलं, फ्रीजपाशी नेलं, गोटी त्याच्याच हाताने टाकायला लावली. बरणी काठोकाठ भरली.

"उद्या सायकल," ती म्हणाली. "भाऊंना सांग जा. झोपलेत का?"

"नाही."

तो गोट्यांकडे बघत होता.

"मी ओरडलो नाही, आई. चपला मागितल्या तर जोडीने दारात ठेवल्या. डबा विसरून चालले होते, तोपण जिन्यात नेऊन दिला."