बाण

"कुणी गाडलं गेलं, तर बाकीच्यांनी आधी छातीवरचं आपापलं सिग्नलचं यंत्र पाठवण्यावरून शोधण्यावर टाकायचं. हिरवा दिवा लुकलुकत राहिला तर ते तुमचाच पत्ता देत बसेल." ग्राऊकोगेलच्या पायथ्याशी स्कीच्या तळांना पट्टे चिकटवता चिकटवता अँसेल्मने मुलाला आणि सुनेला बजावलं.

"बाबा, आमच्या लग्नातल्या भाषणातही तुम्ही हेच सांगितलं होतं," कोरबिनियन हसला.

दुपारी वरच्या घळीतला बर्फ सुटला आणि कोरबिनियन त्याखाली गेला. तो शेवटचा दिसला होता तिथे अँसेल्मने धाव घेतली. लांब सळई काढून तो बर्फात खुपसत राहिला. खाली त्याची सून फ्रोनी यंत्र हातात धरून उतारभर फिरत होती.

"बाबा, सिग्नल मिळाला! वीस मीटर!"

"बाण दाखवेल तशी चालत राहा. नजर काढू नकोस!"

तिने नजर काढली नाही. ती सरळ त्याच्याच रोखाने वर येत होती. म्हणजे आपली जागा बरोबर आहे, हे पाहून अँसेल्मच्या हातांत बळ आलं.

"एक मीटर!" फ्रोनी त्याच्या बुटांपाशी गुडघ्यांवर बसली. मग तिने मान वर केली आणि त्याच्या उघड्या जाकिटातून लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं.