सुतळीची गाठ

या, जरा जवळ सरकून बसा. लंडनजवळच्या हाउन्सलोमधल्या एका आईची गोष्ट ऐका.

अक्षयाचा कबीर वर्षाचा झाला, तरी वजन भरेना. बाळाचं वजन तपासायला घरी येणारी हेल्थ व्हिजिटर दर खेपेला मान हलवायची. जव्हारकडच्या अंगणवाडीत पेज भरवून कितीतरी लेकरं उभी करणाऱ्या तिच्या सासूबाईंनी, शेवंताआजींनी, शेतातल्या नाचणीला मोड आणले, ती सावलीत वाळवून दळली आणि डबा सुतळीनं बांधून नातवाला धाडला. "गावची पावडर कशाला, दुकानातलं जारमधलं बेबी फूडच बरं," म्हणत अक्षयानं तो कपाटात ठेवला. पण दर रविवारी कॉलिंग कार्ड लावून गावी फोन करायची नि सांगायची, "अहो आई, दोन वाट्या फस्त करतो."

पुढे मराठी मंडळानं आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांसाठी खाऊ गोळा केला. अक्षयानं तो डबाही खोक्यात घातला. पुण्य लागलं, कपाटात जागाही झाली.

महिन्याभरानं आजींचा फोन आला.

"मंडळाचा खोका आमच्याच अंगणवाडीत आला गं. त्यात माझाच डबा निघाला. सुतळीची गाठ मी मारलेली, तशीच आहे. तेवढं सांग, माझा कबीर दोन वाट्या कशाच्या खातो?"

माउल्यांनो, लेकराला घास भरवाल तेव्हा या आजींची आठवण ठेवा.