विकणाऱ्याचं दावं

लॅपटॉप सुरू करून बराच वेळ झाला, तरी म्हातारा देवला धर्मसिंगच्या बाजेवरून उठायचं नाव घेईना. मधूनमधून तो लॅपटॉपच्या पोटाखाली तळहात सरकवायचा आणि पुन्हा काढून घ्यायचा.

“आबा, काय बघून राहिले?” नातीनं, पुजानं, विचारलं.

“तापतं का बघतो. दमानं चाललं तर खरं.”

समोर उकिडवा बसलेला धर्मसिंग हसला. “देवलाभाऊ, आता बैलागत दात बी मोजून घ्या.”

“मोजले मी,” पुजा म्हणाली. “एक हलतो.” आणि तिनं एक सैल कळ बोटानं हलवून दाखवली.

तांड्यावर सकाळपासून लाइट नव्हती. लाइट गेल्यावरच दाखव, असा निरोप देवलानंच आधी धाडला होता. हिंगोलीच्या दुकानातला नवा लॅपटॉप आवाक्यात नव्हता. कळमनुरीला एक जुना पाहिला, तो वायर काढताच मेला. पुजाचं नांदेडला शेवटचं वर्ष होतं. ज्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ती रात्री काम करायची, ती हॉस्टेल सोडून गेली होती. लोडशेडिंगमध्ये टिकणाराच हवा होता, आणि हा चुकला तर दुसरा घ्यायला गाठीला काही उरणार नव्हतं.

हा धर्मसिंगच्या कुलदीपचा. पोराला पुण्याच्या कंपनीनं नवा दिला, म्हणून जुना घरी पडून होता. वायर न लावता तो अजून चालत होता.

“घेतला,” देवला शेवटी म्हणाला.

“एक आधीच बोलून ठेवतो,” धर्मसिंग म्हणाला. “दावं माझं राहील.”

“हे काय सांगणं झालं? दावं विकणाऱ्याचंच.”

देवलानं त्याच्या हातावर हात मारला. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नाही, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते, हे दोघांनी आपापल्या बापाकडून ऐकलं होतं.

धर्मसिंग उठला. भिंतीशी चार्जरची काळी वायर पडली होती. ती त्यानं नीट गुंडाळली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली. देवलानं मान हलवली.

पुजा उभीच राहिली. “काका, वायर काहून ठेवली?”

“बोलणं झालं ना, बाई. दावं हाय ते.”

तिनं आजोबाकडं पाहिलं. देवला म्हणाला, “हातावर हात पडला, पुजा.”

“आबा, ते दावं न्हाई, वैरण हाय! ह्याच्या पोटात हाय तेवढं सरलं, की मग काय खाईल हा?”

तेवढ्यात लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण उमटली. पुजानं नुसतं तिकडं बोट केलं.

देवला त्या खुणेकडं बघत राहिला. हात मारल्यावर तो आजवर कधी मागं फिरला नव्हता. कुठल्या बाजारात, कुणाही समोर नाही. त्यानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

“धर्मसिंग, जनावर उपाशी धाडायची रीत तर आपल्यात न्हाई.”

“दाव्यासकट धाडायची बी न्हाई.” धर्मसिंग खुंटीकडं न बघताच बोलला. “बैल गेले. पोरगं गेलं. दिवाळीला येतो म्हणलं, ते बी आलं न्हाई. आता दावं बी देऊन टाकू?”

पुजानं लॅपटॉप बंद केला, त्याच्या काळ्या पिशवीत घातला, चेन ओढली आणि पिशवी धर्मसिंगपुढं ठेवली.

“ऱ्हाऊ द्या मग, काका. वायरीबिगर मी नेऊन काय करू?”

धर्मसिंगनं पिशवी पट्ट्याला धरून उचलली. ती हातात तशीच लोंबत राहिली. तो पिशवीकडं बघत राहिला.

“पोरगं शाळेतून कॉलेजात गेलं तवापासून हीच त्याच्या खांद्याला,” तो म्हणाला. मग पट्टा ताणून पाहिला. “हे कुठून सुटतं गं?”

पुजानं दोन्ही बाजूंच्या कड्या दाबून दाखवल्या. पट्टा त्याच्या हातात आला. त्यानं खुंटीवरची वायर काढली आणि पिशवीवर ठेवली.

“घे. पोटभर चार त्याला.”

पुजानं बिनपट्ट्याची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. देवलानं पागोटं डोक्यावर घातलं.

खुंटीवर बैलांची जुनी दावी होतीच. त्यांच्या शेजारी धर्मसिंगनं तो पट्टा टांगला. खांद्यावर बसायची जागा झिजून पांढरी पडली होती. तिच्यावरून त्यानं एकदा अंगठा फिरवला.

“निघा आता,” पाठमोराच तो म्हणाला. “आन् वेशीपस्तोर त्याला मागं बघू देऊ नका.”