निळ्या भिंतीपुढचा ग्लास

फोटो बघताच शमुवेलने भिंत ओळखली.

प्रार्थना आटोपली होती, माणसं चर्चबाहेर चपला शोधत होती. गावातल्या जान्याने त्याला बाजूला घेऊन मोबाइल पुढे केला. फोटोत उंच काचेचा ग्लास, त्यात गढूळ सोनेरी बीअर, वर दोन बोटं फेस. खाली लिहिलेलं, 'नागलीची बीअर. सगळं घरचं.' मागे निळी भिंत. गेल्या नाताळात रंग कमी पडला म्हणून तिचा वरचा पट्टा पांढराच राहिला होता. तो रंग शमुवेलने स्वतः लावला होता.

"विनोदचं खातं आहे," जान्या हळू आवाजात म्हणाला. "अकरा हजार लोक बघतात. तू चर्चचा पंच. पोराला आवर, बाबा."

घरी येताच शमुवेल मागच्या खोलीकडे गेला. दाराला कुलूप होतं. खिडकीतून दिसलं ते त्याने आधीही पाहिलं होतं, पण विनोदचं नवापूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, तो भंगार आणतच असतो, म्हणून कधी विचारलं नव्हतं. दुधाच्या कॅनला खाली तोटी बसवलेली. जुन्या फ्रिजची तांब्याची नळी वेटोळं करून टांगलेली. पाण्याचा मोठा जार, त्याच्या बुचातून निघालेली बारीक नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली, आणि त्या बाटलीत एकेक बुडबुडा फुटत होता.

शमुवेलचा धाकटा भाऊ गोवाल दारूने गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. दवाखान्यात नेताना तो शमुवेलच्या खांद्यावर होता आणि वाटेतच जड झाला. त्या दिवसापासून या घरात थेंब आला नव्हता.

चुलीपुढे रिबेका भाकरी थापत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि गप्प बसलीस?"

"तो पीत नाही. तोंडाचा वास घेऊन बघा त्याच्या."

"मग कशाला हा उद्योग?"

रिबेकाने भाकरी उलटली. "एखादी गोष्ट चांगली जमते माणसाला. जमते म्हणून करतो. त्या पोराला नका बोलू. त्याचा काही दोष नाही."

आई ती आई, असं वाटून शमुवेलने तिचा नाद सोडला.

संध्याकाळी विनोद आला. शमुवेलने आवाज चढवला नाही. शेजारी बसवून त्याला काकाची आठवण करून दिली. अंगणात ठेवलेलं ते प्रेत, त्याच्यावर घोंगावणाऱ्या माश्या, सगळं सांगितलं. विनोद मान खाली घालून ऐकत होता.

"बंद कर, बेटा. बाकी काही मागत नाही."

विनोदने एकदा चुलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पप्पा, ते माझ्या हातात नाही."

हेच शब्द. गोवाल शेवटच्या वर्षी हेच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी विनोद दुकानात गेल्यावर त्याने कुलूप फोडलं. जार उचलून परसातल्या नाल्यात उपडा केला. फेस दगडांवरून वाहत गेला. वळून पाहतो तर दारात रिबेका उभी. तिच्या पदरात मोड आणून वाळवलेली नागली होती. रोज सकाळी ती त्याला नागलीची आंबील करून देत असे. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. पोरासाठी जीव तुटतो तिचा, असं त्याला वाटलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

तीन आठवड्यांनी जान्याने नवा फोटो दाखवला. या वेळी बीअर काळपट लाल होती. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'भाऊ, हात आहे की जादू!'

शमुवेलने पास्टरांना बोलावलं. विनोदच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. तीन दिवस उपास केला. त्यानंतर आणखी एक फोटो आला.

मग एका सोमवारी तो नवापूरला गेला आणि दारूबंदीच्या साहेबांपुढे बसला.

"मुलगा आहे माझा. नुसतं घाबरवा त्याला. समज देऊन सोडा."

"तुमचं नाव बाहेर येणार नाही, काका," साहेब म्हणाले. "पण पुढचं मी सांगू शकत नाही. कागद झाला की झाला."

शमुवेलने सही केली. परतीच्या जीपमध्ये त्याला वाटलं, मागे जाऊन कागद फाडावा. जीप थांबली नाही आणि त्यानेही थांबवली नाही.

बुधवारी दुपारी ते आले. कॅन, नळीचं वेटोळं, बुचं लावलेल्या चाळीस बाटल्या, सगळं अंगणात मांडलं. कुंपणापलीकडे गाव जमलं. हवालदार अहिराणी बोलणारा होता.

"हाई कोन बनावस?"

"मी," विनोद म्हणाला.

"बठ गाडीमा."

शमुवेल हात जोडून साहेबांपुढे गेला. "साहेब, मी तुम्हाला म्हणालो होतो..." पुढचं बोलता येईना. सगळं गाव ऐकत होतं. साहेबांनी त्याच्याकडे न बघता कागदावर लिहिणं चालू ठेवलं. विनोद जीपमध्ये चढला. बापाकडे त्याने पाहिलं, पण डोळ्यांत राग नव्हता.

दोन शिपाई खोलीत उरलेला जार उचलायला वाकले.

"हलवू नका," दारातून रिबेका म्हणाली. "तळाचा गाळ वर येईल. अजून चार दिवस लागतील त्याला."

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने ओले हात लुगड्याला पुसले, चपला घातल्या आणि सरळ जीपपाशी येऊन उभी राहिली.

"पोराला उतरवा, साहेब. त्याला नुसते फोटो काढता येतात. बनवते मी."