मिठाच्या पाण्याच्या घड्या

"ताई, नव्या बुरशीची लस टोचायची तर एक जुनी ओळख पुसावी लागेल," आरोग्य केंद्रातला तडवी पडद्याकडे बघत म्हणाला.

पन्नाशी उलटली की रक्तातल्या राखणदार पेशींची ओळखीच्या रोगांची यादी भरते, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. आणि लस टाळणाऱ्यांची फुप्फुसं महिनाभरात निकामी होतात, हे शारदाबाईंनी आपल्याच गल्लीत पाहिलं होतं.

"यादीतून हा विषाणू काढूया. अकरा वर्षांपूर्वीचा आहे, आता जगात कुठेच उरलेला नाही. याची ठेवण मात्र जरा निराळी दिसते. तुमच्याआधी ज्याच्या अंगात होता, तिथेच तो बदलला असणार. कुणाकडून आला होता?"

"मुलीकडून," शारदाबाई पत्ता सांगावा तशा म्हणाल्या. "ती त्यातून उठली नाही. मी उठले."

तडवीचा हात थांबला. "दुसरं काही बघू का?"

"नको. तेच काढा." त्यांनी पडद्यावर अंगठा टेकवला.

"संध्याकाळी थोडा ताप येईल," तो हळूच म्हणाला. "पुसल्या जाण्याआधी त्याच्या ओळखीच्या पेशी एकदा अंगभर त्या विषाणूला शोधतात."

दिवेलागणीला ताप आला. शारदाबाईंनी वाटीत मिठाचं पाणी घेतलं, जुन्या साडीचा तुकडा फाडून दोन घड्या केल्या आणि आडव्या होऊन एक कपाळावर ठेवली. दुसरी पिळून त्या शेजारच्या उशीकडे वळल्या. उशी रिकामी होती. त्यांनी घडी तिच्यावर नीट पसरून ठेवली आणि ती गरम व्हायची वाट बघत पडून राहिल्या.